वाचक विचारतात : चिलीच्या सिनेटरची कारकीर्द कशी वाचावी?

मागच्या अंकात चिलीचे समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वीच्या तेहतीस वर्षांवर, म्हणजे १९३७ ते १९७० या त्यांच्या राजकीय आयुष्यावर लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकांचा गोंधळ आयेंदे यांच्याबद्दल नाही, तर त्या काळच्या चिलीच्या संसदेबद्दल आहे. १९२५ ची राज्यघटना १९७३ पर्यंत चालली. तिचे नियम समजले की कारकिर्दींतले निम्मे कोडे आपोआप सुटते. निवडक प्रश्नांची उत्तरे खाली देत आहोत.

प्रश्न : एका चरित्रनोंदीत आयेंदे दक्षिण टोकाचे सिनेटर आहेत, दुसरीत उत्तरेच्या वाळवंटाचे, तिसरीत वालपाराइसोचे. यातले खरे कोणते? की नोंदी चुकल्या आहेत?

उत्तर : तिन्ही खरे, आणि चौथेही एक आहे. १९४५ साली ते वाल्दिविया ते मागायानेस या दक्षिणेच्या गटातून निवडून आले, १९५३ साली तारापाका आणि आंतोफागास्ता या उत्तरेच्या गटातून, १९६१ साली आकोंकाग्वा आणि वालपाराइसोतून, आणि १९६९ साली पुन्हा दक्षिणेला चिलोए, आयसेन, मागायानेस या गटातून.

यामागची यंत्रणा अशी. सिनेटमध्ये ४५ जागा होत्या. सिनेटसाठी देशातल्या प्रांतांचे नऊ गट पाडले होते आणि प्रत्येक गटाचे पाच सिनेटर. गटांचे क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे जात : पहिला तारापाका-आंतोफागास्ता, दुसरा आताकामा-कोकिंबो, तिसरा आकोंकाग्वा-वालपाराइसो, चौथा सान्तियागो, असे करत नववा थेट मागायानेसपर्यंत. सिनेटरची मुदत आठ वर्षे, पण सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नसत. दर चार वर्षांनी मार्चमध्ये संसदेची निवडणूक व्हायची. तेव्हा प्रतिनिधिगृह, म्हणजे खालचे सभागृह, पूर्ण नव्याने निवडले जाई आणि सिनेट साधारण अर्धे. एका खेपेला विषम क्रमांकाचे गट, पुढच्या खेपेला सम क्रमांकाचे.

आता तारखा जुळवून पाहा. १९४५, १९५३, १९६१, १९६९ ही विषम गटांची वर्षे. १९४९, १९५७, १९६५ ही सम गटांची. आयेंदे नववा, पहिला, तिसरा असे फिरले, सगळे विषम. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले एदुआर्दो फ्रेई मोन्ताल्वा १९४९ साली दुसऱ्या गटातून आले आणि १९५७ साली चौथ्या गटातून, म्हणजे सान्तियागोतून, दोन्ही सम. ज्याची मुदत १९५३ ला संपते त्याला त्याच वर्षी सिनेटमध्ये परतायचे असेल, तर विषम गटातच उभे राहावे लागे. सम गटासाठी चार वर्षे घरी बसावे लागले असते. आयेंदे यांच्या उड्या नकाशावर कितीही लांब दिसल्या, तरी मधे एका दिवसाचाही खंड पडलेला नाही.

फक्त १९६९ ची नोंद करताना जपा. तोवर नवव्या गटाचे दोन तुकडे करून दहावा गट काढला होता आणि सिनेट ५० जागांचे झाले होते. दहावा क्रमांक सम असला तरी त्याची निवडणूक विषम गटांबरोबरच झाली, म्हणून त्या वर्षी २५ नव्हे, ३० जागा भरल्या गेल्या. तक्ता करणारे इथे हमखास अडखळतात.

उमेदवाराने त्या प्रांतात राहिले पाहिजे अशी अट नव्हती. कोणाला कुठे उभे करायचे ते पक्ष ठरवीत. एका यादीत दोन तगडे उमेदवार घातले आणि यादीला जागा एकच मिळाली, तर दोघांपैकी एक घरी जातो. म्हणून मोठी माणसे वेगवेगळ्या गटांत पसरायची. ‘अमक्या प्रांताचा सिनेटर’ वाचून तो त्या मातीतला असे धरून चालू नये.

प्रश्न : पाच जागांच्या गटात मतांचे वाटप कसे होई? सतरा हजार मते मिळवणाऱ्या यादीला एक जागा आणि नऊ हजारवालीलाही एकच, असे कसे?

उत्तर : पद्धत डी’हॉन्ट यांची. चिलीत तिला ‘सिफ्रा रेपार्तिदोरा’ म्हणत, म्हणजे वाटप करणारा आकडा. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहिल्याशिवाय ती डोक्यात बसत नाही, म्हणून तुमचेच आकडे पुढे नेऊन एक काल्पनिक गट घेऊ.

चार याद्या : पहिलीला २६,००० मते, दुसरीला १७,०००, तिसरीला ९,०००, चौथीला ५,०००. जागा पाच. प्रत्येक यादीच्या मतांना १, २, ३ असे क्रमाने भागत जायचे. पहिलीचे भागाकार २६,०००, १३,०००, ८,६६७, ६,५००. दुसरीचे १७,०००, ८,५००, ५,६६७. तिसरीचे ९,००० आणि ४,५००. चौथीचा ५,०००. आता सगळ्या याद्यांचे भागाकार एकत्र करून उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे पाच उचला : २६,०००, १७,०००, १३,०००, ९,०००, ८,६६७. पाचवा, म्हणजे ८,६६७, हाच वाटपाचा आकडा. त्यात प्रत्येक यादीची मते जितक्या वेळा पूर्ण बसतात तितक्या जागा. पहिलीला तीन, दुसरीला एक, तिसरीला एक, चौथीला काही नाही.

दुसऱ्या यादीचा ८,५०० हा भागाकार थोडक्यात हुकला. तिला आणखी ३३४ मते पडली असती तर पाचवी जागा पहिलीकडून निसटून तिच्याकडे आली असती. गटात एकूण ५७,००० मते, आणि ३३४ मतांवर सिनेटची आठ वर्षे! चौथ्या यादीची ५,००० मते मात्र पूर्ण वाया गेली. छोटे पक्ष मोठ्यांच्या यादीत शिरायला का धडपडायचे ते यातून कळते.

यादीला जागा मिळाल्यावर ती कोणाची, हे यादीतल्या वैयक्तिक मतांवर ठरे. म्हणजे उमेदवाराची पहिली लढत समोरच्या पक्षाशी नसे, शेजारच्या नावाशी असे. दुसऱ्या यादीतला पराभूत माणूस तिसऱ्या यादीतल्या विजेत्यापेक्षा जास्त वैयक्तिक मते घेऊन घरी गेला, असे सहज घडू शके. त्यात लबाडी नाही, गणित आहे.

लबाडी होती ती वेगळ्या ठिकाणी. १९५८ पर्यंत सरकारी मतपत्रिकाच नव्हती. प्रत्येक पक्ष आपापली मतपत्रिका छापून वाटे. मोठ्या जमीनदारीवरच्या कुळाच्या हातात मालकाचा माणूस छापील पत्रिका ठेवी आणि ती पेटीत पडते की नाही यावर नजर ठेवी. पैसे देऊन मत घेण्याला तिथे ‘कोएचो’ म्हणत. मे १९५८ च्या कायद्याने सगळ्या उमेदवारांची नावे असलेली एकच सरकारी मतपत्रिका आली आणि गुप्त मतदान पहिल्यांदा खऱ्या अर्थाने गुप्त झाले. १९५८ च्या आधीचे आणि नंतरचे ग्रामीण आकडे एकाच ओळीत मांडताना हे विसरलात, तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा.

प्रश्न : सिनेटर लोकांनी थेट निवडायचे की प्रतिनिधिगृहातून?

उत्तर : थेट लोकांनी. राज्यसभेची पद्धत मनात ठेवून वाचू नका. पात्रतेत फरक वयाचा : प्रतिनिधी २१ वर्षांचा चाले, सिनेटर किमान ३५ चा. आयेंदे यांचा जन्म जून १९०८ चा, म्हणजे १९३७ साली त्यांना फक्त प्रतिनिधिगृहाचाच दरवाजा उघडा होता. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर तहहयात सिनेटर होण्याची तरतूद १९८० च्या राज्यघटनेतली; ती या काळाला चिकटवू नये.

प्रश्न : आयेंदे १९३७ साली चार वर्षांसाठी प्रतिनिधी झाले, पण दोनच वर्षांत तिथून गेले. राजीनामा का?

उत्तर : सप्टेंबर १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेद्रो आगिर्रे सेर्दा यांनी त्यांना आरोग्यमंत्री केले. १९२५ च्या घटनेत मंत्रिपद स्वीकारले की जागा गेली. दोन्ही पदे एकत्र ठेवायला फक्त युद्धकाळात मुभा. त्यामुळे त्या काळच्या चिलीत ‘खासदार आणि मंत्री’ असे एकाच वेळी लिहिलेले दिसले तर तारखा तपासा. परवानगीशिवाय तीस दिवसांहून जास्त देशाबाहेर राहिले तरी जागा जाई, हेही लक्षात असू द्या.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायला मात्र जागा सोडावी लागत नसे. आयेंदे १९५२, १९५८ आणि १९६४ असे तीनदा सिनेटर असतानाच लढले, हरले, आणि सिनेटमध्ये परत येऊन बसले. १९५२ ला त्यांना साडेपाच टक्क्यांच्या आसपास मते होती. १९५८ ला ते होर्हे आलेस्सान्द्री यांच्यापेक्षा ३३,४१६ मतांनी मागे राहिले. त्याच निवडणुकीत प्रतिनिधिगृहाचे सदस्य आणि माजी पाद्री आंतोनियो सामोरानो यांनी ४१,३०४ मते घेतली, म्हणजे या फरकाहून जास्त. आठ वर्षांची पक्की जागा पाठीशी नसती तर पराभवांमागून पराभव पचवून उभे राहणे फार थोड्यांना जमले असते. आमच्या मते आयेंदे यांच्या चिकाटीइतकेच श्रेय या मुदतीला आहे.

प्रश्न : सिनेटरला अटकेपासून संरक्षण होते ना? मग कवी पाब्लो नेरुदांना लपावे का लागले?

उत्तर : संरक्षण दोन प्रकारचे होते आणि नेरुदांच्या बाबतीत सगळा वाद त्या दोहोंच्या सीमेवर उभा राहिला.

पहिले संरक्षण शब्दांना आणि मतांना : आपले काम करताना सदस्याने जे म्हटले, ज्या बाजूने मत दिले, त्यासाठी त्याला कधीच जाब विचारता येत नाही. हे कायमचे. दुसरे संरक्षण व्यक्तीला, ज्याला ‘फुएरो’ म्हणतात : गुन्हा करताना रंगेहाथ सापडला तर गोष्ट वेगळी, एरवी अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने आधी मान्यता दिल्याशिवाय सदस्यावर खटला नाही आणि अटकही नाही. हे दुसरे संरक्षण काढून घेता येते. काढून घेण्याला ‘देसाफुएरो’ म्हणतात. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. तिथेही निर्णय कायम झाला की सदस्य पदावरून निलंबित होतो आणि सामान्य माणसासारखा न्यायाधीशासमोर उभा राहतो. निलंबित म्हणजे बडतर्फ नव्हे, हा फरक नोंदींत बऱ्याचदा पुसला जातो.

नेरुदा ४ मार्च १९४५ रोजी तारापाका-आंतोफागास्तातून सिनेटर झाले. नायट्रेटच्या खाणकामगारांचा तो मुलूख. त्याच वर्षी जुलैत त्यांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. १९४६ साली गाब्रिएल गोन्सालेस विदेला यांच्या प्रचाराची धुरा नेरुदांनीच वाहिली होती. गोन्सालेस विदेला कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर राष्ट्राध्यक्ष झाले आणि वर्षभरात त्यांच्यावरच उलटले. १९४७ च्या कोळसा खाणींच्या संपानंतर धरलेल्या माणसांना उत्तरेला पिसाग्वा इथल्या छावणीत धाडले गेले. नोव्हेंबर १९४७ मध्ये नेरुदांनी काराकासच्या ‘एल नासिओनाल’ या दैनिकात लाखो लोकांना उद्देशून एक पत्र छापले आणि आपल्या राष्ट्राध्यक्षावर उघड आरोप केले.

सरकारने बोट ठेवले ते या पत्रावर. सिनेटमध्ये हेच शब्द उच्चारले असते तर पहिले संरक्षण लागू झाले असते. परदेशी वर्तमानपत्रातला मजकूर हा सिनेटरचे काम म्हणून धरायचा की एका नागरिकाचे लिखाण म्हणून, हा खरा प्रश्न होता आणि न्यायालयांनी तो सरकारच्या बाजूने सोडवला. ६ जानेवारी १९४८ ला नेरुदांनी सिनेटमध्ये उभे राहून भाषण केले आणि त्यात पिसाग्वाच्या कैद्यांची नावे एकामागून एक वाचून दाखवली. हा प्रसंग आम्हाला त्यांच्या संसदीय कारकिर्दीतला सर्वांत मोठा वाटतो. ती नावे सिनेटच्या अधिकृत इतिवृत्तात गेली आणि तिथून ती पुसण्याची सोय कोणत्याही सरकारकडे नव्हती. ३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने देसाफुएरो कायम केला, मागोमाग अटकेचा हुकूम निघाला. नेरुदा वर्षभर घरे बदलत लपले आणि १९४९ च्या सुरुवातीला घोड्यावरून आन्दिज ओलांडून अर्जेंटिनात गेले.

३ सप्टेंबर १९४८ च्या कायदा क्र. ८,९८७ ने कम्युनिस्ट पक्षच बेकायदा ठरला आणि त्याच्या सभासदांची नावे मतदारयादीतून काढली गेली. लोक त्याला ‘शापित कायदा’ म्हणत. तो १९५८ साली रद्द झाला. १९४९ ते १९५७ च्या निकालांत कम्युनिस्टांचा रकाना रिकामा दिसतो तो या कायद्यामुळे, लोकांनी पाठ फिरवल्यामुळे नव्हे.

प्रश्न : चिलीच्या संसदेतली पहिली महिला कोण? दोन वेगळी नावे वाचली.

उत्तर : दोन सभागृहे, म्हणून दोन नावे. प्रतिनिधिगृहात इनेस एन्रिकेस फ्रोदेन, रॅडिकल पक्षाच्या वकील, १९५१ साली कोन्सेप्सियोनच्या पोटनिवडणुकीत. सिनेटमध्ये मारिया दे ला क्रूस, जानेवारी १९५३ मध्ये सान्तियागोच्या पोटनिवडणुकीत. महिलांना संसदेच्या निवडणुकीत मताधिकार जानेवारी १९४९ च्या कायदा क्र. ९,२९२ ने मिळाला; नगरपालिकांपुरता तो १९३० च्या दशकातच मिळालेला होता.

दे ला क्रूस यांची जागा कार्लोस इबान्येस राष्ट्राध्यक्ष झाल्याने रिकामी झालेली होती. १९५३ च्याच ऑगस्टमध्ये सिनेटने दे ला क्रूस यांना अपात्र ठरवले. घड्याळांच्या एका व्यवहारात त्यांनी मध्यस्थी केल्याचा आरोप होता, आणि खासगी कामासाठी प्रशासनाकडे कोणाचा एजंट म्हणून वावरणारा सदस्य जागा गमावतो असे घटनेत कलम होते. लक्षात घ्या, इथे न्यायालयाचा संबंध नाही. सभागृह स्वतःच्याच सदस्याचा निवाडा करते, आणि राजकीय वैरी मतदानाला बसलेले असतात. जेमतेम काही महिन्यांची ही कारकीर्द एका वाक्यात उडवली जाते, हे आम्हाला खटकते.

प्रश्न : एका पोटनिवडणुकीने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक फिरवली असे म्हणतात. ती कोणती?

उत्तर : कुरिको, १५ मार्च १९६४. समाजवादी प्रतिनिधी ओस्कार नारान्हो हारा वारले. मुदतीच्या शेवटच्या वर्षाआधी जागा रिकामी झाली तर उरलेल्या काळासाठी ती पोटनिवडणुकीने भरायची, असा नियम. त्यांचे चिरंजीव ओस्कार नारान्हो आरियास उभे राहिले आणि शेतीप्रधान, उजव्यांच्या समजल्या जाणाऱ्या मुलखात जिंकले. सत्ताधारी आघाडीचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार हुलियो दुरान यांचा डोलारा त्या निकालाने कोसळला. सप्टेंबरमध्ये आयेंदे येतील या धास्तीने कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल पक्षांनी आपली मते फ्रेई यांच्यामागे उभी केली, आणि ते सुमारे ५६ टक्के मतांनी जिंकले. एका खालच्या सभागृहाच्या जागेचे इतके मोठे पडसाद क्वचितच उमटतात.

प्रश्न : सिनेटरने मांडलेला कायदा मंजूर व्हायला एवढी वर्षे का लागत?

उत्तर : मांडणे सोपे होते : सिनेटमध्ये जास्तीत जास्त पाच सह्या, प्रतिनिधिगृहात दहा. पण कर आणि अर्थसंकल्पाची विधेयके प्रतिनिधिगृहातच सुरू व्हायला हवीत. शिवाय १९४३ च्या घटनादुरुस्तीनंतर नवी सरकारी पदे निर्माण करण्याचा आणि पगार वाढवण्याचा प्रस्ताव फक्त राष्ट्राध्यक्ष आणू शकत. म्हणजे पैसा लागणाऱ्या कामासाठी सिनेटरला मंत्र्याला पटवावे लागे.

पुढे खरी खिंड. एका सभागृहाने मंजूर केलेले विधेयक दुसऱ्याने फेटाळले तर ते मूळ सभागृहात परतते. तिथे हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी आग्रह धरला, तर ते पुन्हा दुसऱ्या सभागृहात जाते, आणि आता ते पाडायला तिथेही दोन-तृतीयांश लागतात. मूळ सभागृहानेच पूर्ण फेटाळले तर वर्षभर पुन्हा मांडता येत नाही. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या हरकती. त्या मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश. आणि नियमित अधिवेशन फक्त २१ मे ते १८ सप्टेंबर.

उदाहरण आयेंदे यांचेच. कामगार विम्याचा जुना कायदा बदलण्याचा मसुदा ते मंत्री असताना १९४१ साली संसदेत गेला. कायदा क्र. १०,३८३ म्हणून तो ऑगस्ट १९५२ मध्ये अमलात आला. त्याच वेळी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. मधल्या अकरा वर्षांत मंत्रिपद गेले, राष्ट्राध्यक्ष बदलले, आणि सिनेटर म्हणून त्यांनी तो रेटत ठेवला.

प्रश्न : स्वतः अभ्यास करायचा तर नावे कशी शोधावीत?

उत्तर : स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावे, पहिले वडिलांचे, दुसरे आईचे. वर्णक्रम पहिल्या आडनावाने लागतो. दुसरे आडनाव टाकले की फ्रेई मोन्ताल्वा आणि त्यांचे चिरंजीव फ्रेई रुईस-ताग्ले एक होऊन बसतात. दोघेही सिनेटर, दोघेही राष्ट्राध्यक्ष. आलेस्सान्द्री पाल्मा हे वडील, आलेस्सान्द्री रोद्रिगेस ही मुले, आणि त्यांतले फर्नांदो १९५० ते १९५८ सिनेटचे अध्यक्ष होते, होर्हे राष्ट्राध्यक्ष. नेरुदांचे जन्मनाव रिकार्दो एलिएसेर नेफ्ताली रेयेस बासोआल्तो. नाव कायद्याने बदलले ते डिसेंबर १९४६ मध्ये. म्हणून त्याआधीच्या कागदांत ‘रेयेस’ हेही धुंडाळा. इतिवृत्ताचे नाव ‘दियारिओ दे सेसिओनेस’. तारीख हाताशी असेल तर आधी त्या वर्षी नियमित अधिवेशन चालू होते की राष्ट्राध्यक्षांनी बोलावलेले विशेष, ते पाहा, कारण दोन्हींचे खंड वेगळे बांधलेले असतात. नेरुदांचे जानेवारीतले भाषण नियमित खंडात सापडणार नाही.